हात खांद्याच्या खाली

"होडी बाहेर असताना समुद्राच्या अंगाला हात खांद्याच्या वर न्यायचा नाही," असं सासूबाईंनी मला लग्न होऊन आले त्या पहिल्याच सकाळी सांगितलं, आणि मी मान डोलावून विसरून गेले. नव्या सुनेला पहिल्या सकाळी काय काय सांगतात. दुधाचं भांडं कुठं, नळाला पाणी कधी येतं, जिन्याची कुठली पायरी हलते. त्यातलंच हे एक समजले. पायरी हलते ते मात्र नीट लक्षात ठेवलं, कारण तिच्यावरून त्याच दिवशी पडले.

आमचं घर बंदराच्या वर, उतारावर आहे. मागचं दार उघडलं की दगडी कठडा, कठड्याखाली धक्का, आणि धक्क्यापुढे काळ्या खडकांच्या दोन रांगा. त्या रांगांच्या मधून दीड होडी जाईल एवढी वाट. तिला सगळे दार म्हणतात. दाराच्या डाव्या अंगाला एक सपाट माथ्याचा खडक, आणि होड्या परतायच्या वेळी त्या खडकावर माझ्या सासूबाई उभ्या. अंगात सासऱ्यांचा पांढरा सदरा, लांब बाह्यांचा. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली, पण सदरा रोज धुतला जातो. काळ्या खडकावर पांढऱ्या बाह्या लांबून दिसतात.

मोठ्या लाटा एकट्यादुकट्या येत नाहीत, घोळक्याने येतात. घोळका गेला की पाणी जरा दम खातं. तेवढ्यात आत यायचं असतं. होडीतल्या माणसाला पाठीमागून येणारी लाट दिसत नाही, पुढे खडक असतात आणि दोन्ही हात सुकाणूवर. म्हणून तो खडकावरच्या बाईकडे बघतो. तिने एक हात वर केला तर थांब. दोन्ही केले तर ये, आणि मग ती हात खाली आणेपर्यंत मागे वळून बघायचं नाही. मध्यंतरी कुणीतरी बोलायची यंत्रं आणून होड्यांत बसवली होती. त्यातून "ये" ऐकू यायचं ते पाणी फिरल्यावर. आता त्यांतलं एक एका जुन्या होडीवाल्याच्या घरी दार वाऱ्याने आपटू नये म्हणून ठेवलेलं असतं.

त्यामुळे या किनाऱ्यावर हात वर करून कुणी कुणाला हाक मारत नाही. निरोप द्यायचा तर मान हलवायची. कपडे वाळत घालायच्या दोऱ्या कमरेएवढ्या उंचीवर, बाहेरून आलेल्या माणसाला वाटावं इथे सगळे बुटके राहतात. शाळेच्या खिडक्या समुद्राकडे आहेत, तर उत्तर येत असलेली पोरं हात वर करत नाहीत, बाकावर टकटक करतात. मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकून आले, वर्गात पहिला हात माझा असायचा. मला हे सगळं गमतीचं वाटायचं.

मग मुलगी झाली. तिला घरात मुंगी म्हणतात, कारण जमिनीवर सांडलेलं काहीही तिला सगळ्यांआधी सापडतं. मुंगी चालायला लागली आणि जगातलं प्रत्येक मूल जे करतं ते करायला लागली. दोन्ही हात वर करून समोर उभी राहायची. घे.

सासूबाई तिला तसं उभं राहूच देत नसत. हातातलं टाकून पुढ्यात बसायच्या, तिचे हात ओढून आपल्या गुडघ्यांभोवती घालायच्या. "असं. गुडघ्याला मिठी मारायची. की आजी घेते." मी म्हटलं, "आई, एवढुशी पोर, तिचे हात कुणाला दिसणार?" त्यांनी तिचे हात पुन्हा गुडघ्यांभोवती घातले.

एका संध्याकाळी मी मुंगीला कठड्यावर बसवून दोरीवरचे कपडे काढत होते. ती उभी राहिली. अंगात पिवळं झबलं, उन्हात नुसतं पेटलेलं. दोन्ही हात वर. मी कपड्यांचा ढीग खाली ठेवून तिला उचलेपर्यंत दाराच्या बाहेर एका होडीने नाक वळवलं होतं. खडकावरच्या सासूबाईंचा एकच हात वर होता. होडी आत आली ती तिरकी होऊन, कडेची एक फळी खडकाला घासून. आवाज वरपर्यंत आला.

ती होडी रेडिओमामांची. रेडिओमामा म्हणजे बंदरावरचे सगळ्यात जुने होडीवाले. झोपेतही बोलतात असं मामी सांगतात, म्हणून रेडिओ. दुसऱ्या दिवशी आमच्या दारात उभे राहून ते एवढंच म्हणाले, "काल एक पिवळी आत्या बोलावत होती मला. आवाज दिला असता तर फुलं घेऊन आलो असतो." सासूबाईंना सगळं बंदर आत्या म्हणतं. सासूबाई हसल्या. मामा हसले. मला घाम फुटला.

त्या दिवसापासून मी बघायला लागले. आधीपासून माझा जीव भांड्यात पडायला वेळ लागतोच. मुंगी शिंकली की मी ताप बघते. पण आता मी हात बघायला लागले. सगळ्यांचे. आणि म्हणूनच बाकी कुणाच्या आधी मला ते दिसलं.

*

यंदाचा हंगाम जेलीफिशचा. अधूनमधून त्या येतातच, पण अशा कधी आल्या नव्हत्या. धक्क्यावरून खाली बघितलं तर पाणी दिसायच्या ऐवजी साबुदाण्यासारखं काहीतरी हलताना दिसायचं. मी परीक्षेत जेलीफिशची आकृती काढून तिच्या प्रत्येक भागाला नाव दिलं होतं. बाईंनी वहीवर 'सुबक' लिहिलं होतं. इथे ती जाळ्यात टनाने येते, सुबक वगैरे काही नसते. मासा दिसतच नाही. जाळं ओढताना दोर तुटतात, आणि ते ओढणाऱ्यांच्या हातांवर, मानेवर, डोळ्यांखाली लाल वळ उठतात.

नवरा घरी यायचा तो हात पुढे धरून, जसे काही ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मी बादलीत व्हिनेगर ओतून ठेवायचे. तो मनगटापर्यंत हात बुडवून पायरीवर बसायचा, हलत्या पायरीवर, आणि मुंगी शेजारी बसून त्याच्या हातांवर फुंकर मारायची. त्याला फुंकरीने आणखी झोंबायचं. तो सांगायचा नाही.

"कसं होतं आज?"

"मऊ होतं," तो म्हणायचा. "समुद्र आजारी माणसासारखा मऊ पडलाय. वल्हं मारलं तर रुततं."

दुपारी धक्क्यावर जाळी पसरायची. आम्ही बायका पायांत रबरी बूट, हातांत जाड मोजे घालून चिकटलेलं खरवडायचो. वाळलेलं होतं ते पाणी लागलं की पुन्हा डसायचं. वास असा काही नसायचा, पण घशात बसायचा. शेजारी बर्फवाला आपली गाडी घेऊन उभा. "वहिनी, बर्फ घ्या, मासा नसला तर नवऱ्याच्या डोक्यावर ठेवा." त्याचाही धंदा बसला होता, म्हणून त्याच्या विनोदाला कुणी रागवायचं नाही.

जाळ्यांपेक्षा जास्त त्रास इंजिनाचा. इंजिन थंड ठेवायला ते बाहेरचं पाणी ओढून घेतं. त्या पाइपाच्या तोंडाशी जेली जाऊन बसते. मग इंजिन तापतं, खोकतं, काळा धूर सोडतं. तापलेलं इंजिन घेऊन दाराबाहेर ताटकळत राहणं म्हणजे काय, ते मला नवऱ्याच्या गप्प बसण्यावरून कळायचं.

त्यातच बोलणं सुरू झालं. सुरुवात रेडिओमामांनीच केली, हसत हसत.

"आत्याला आता आम्ही बाहेरच बरे वाटतो. आज किती वेळ एक हात वर. मी म्हटलं, बाई, चहा तरी पाठव."

सासूबाई म्हणाल्या, "पाणी बरोबर नव्हतं."

"पाणी तर बरोबर होतं, आत्या. माझ्यापुढून दोन वेळा वाट उघडली."

"तुला मागचं दिसत नाही."

"ते खरं," मामा म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांनी बोलणं मध्येच सोडलं.

घरात नवरा जेवताना म्हणाला, "आई, आजकाल फार थांबवतेस."

"आईला शिकव."

"शिकवत नाही. इंजिन तापतं म्हणून म्हणतो."

"मग इंजिनाला शिकव." त्यांनी त्याच्या ताटात भात वाढला. डाव्या हाताने. डाव्या हाताने वाढणं त्यांना कधीच चालायचं नाही, मला एकदा त्यावरून बोलल्या होत्या. मी ताटाकडे बघितलं, मग त्यांच्या उजव्या हाताकडे. तो मांडीवर होता. झोपलेल्या मांजरासारखा.

मग एकेक गोष्ट जुळायला लागली. वरच्या फळीवरचा डबा त्या मुंगीला खुर्चीवर चढवून काढायला लावायच्या. "मुंगीला उंच व्हायचंय ना." केसांची गाठ रोज थोडी खाली सरकत होती, आधी डोक्यावर, मग मानेवर, आणि एका सकाळी त्या कंगवा घेऊन माझ्यापुढे बसल्या.

"आज तू घाल वेणी. तुला हौस आहे."

मला अशी कसलीही हौस नव्हती हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. मी वेणी घालायला लागले. सदऱ्याची बाही नीट करायला म्हणून उजवा खांदा धरला, तर त्यांचं सगळं अंग आखडलं.

"कधीपासून दुखतंय?"

"काय?"

"आई."

"जाळं ओढलं होतं एकदा. लचक भरली असेल. घाल लवकर, होड्या परतायची वेळ झाली."

त्या दिवशी मी मुंगीला पाठीला बांधून धक्क्याच्या टोकापर्यंत गेले. खडक तिथून जवळ दिसतो. होड्या बाहेर जमल्या होत्या. मोठ्या लाटांचा घोळका आला, दारावर आपटला, पांढरं पाणी उडालं आणि ओसरलं. वाट उघडली. मला, मला नवखीला, दिसली. सासूबाईंचा डावा हात वर गेला. उजवा निघाला, छातीपर्यंत आला, खांद्याला टेकला आणि थांबला. त्यांनी अंग डावीकडे कलतं केलं, टाचा उचलल्या, हात वर ढकलायला जणू सगळं शरीर लावलं. हात तिथेच. बाहेरून बघणाऱ्याला दिसला तो एकच हात. थांब.

होड्या थांबल्या. वाट मिटली. पुढच्या घोळक्यानंतर त्यांनी उजव्या मनगटाला डाव्या हाताने धरून, डोक्यावरून ओढून, कसेबसे दोन्ही हात वर नेले. होड्या आत आल्या. त्या खडकावरून उतरल्या तेव्हा चेहरा पिठासारखा.

वाटेत मी त्यांना गाठलं. त्या चालत राहिल्या.

"याला सांगू नकोस," म्हणाल्या. याला म्हणजे माझ्या नवऱ्याला, त्यांच्या मुलाला.

"आणि काय करायचं? इंजिन बंद पडलं बाहेर तर?"

"सांगू नकोस. होडीवाल्याला एकदा कळलं ना, की या हाताचा 'थांब' खोटा असतो, की तो खरा 'थांब' पण ऐकणार नाही. एक हात दिसला की म्हणेल, आत्याचा खांदा दुखतोय, चला आत." त्या थांबल्या, दम घेतला. "मग लाट काही खांदा बघून येत नाही."

मी काठीला फडकं बांधायचं सुचवलं. त्यांनी धक्क्याकडे हनुवटी केली. तिथे जाळी वाळवायला लावलेल्या काठ्या, प्रत्येकीवर काही ना काही फडफडत होतं. "यातली कुठली मी?"

घरी आल्यावर मी मीठ भाजून पुरचुंडी केली आणि खांदा शेकला. रोज दुपारी शेकायला लागले. दार लावून, म्हणजे कुणी बघू नये. मुंगी पलीकडे खेळायची, मधूनच येऊन आजीच्या गुडघ्याला मिठी मारायची. त्या डाव्या हाताने तिला उचलून घ्यायच्या. माझ्या मावशीला असाच खांदा झाला होता. तिला डॉक्टरांनी फ्रोझन शोल्डर म्हणून सांगितलं होतं, आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम दिला होता. मी सासूबाईंना भिंतीशी उभं केलं. "बोटं अशी चालवा वर. कोळी चढतो तशी." बोटं खांद्यापर्यंत चालली. मग त्या खिडकीकडे बघायला लागल्या.

"होड्या बाहेर आहेत," म्हणाल्या, आणि हात खाली घेतला.

"आई, घरात कोण बघतंय?"

"खिडकी आहे ना."

मी खिडकी लावली. तरी हात वर गेला नाही. आयुष्यभराची सवय भिंतीला कशी कळावी.

रोज सकाळी ठरवायचे, आज सांगते नवऱ्याला. रोज तो हात बुडवून बसला की वाटायचं, त्याला बाहेर असताना एकच तर गोष्ट खात्रीची आहे, ती मी कशी काढून घेऊ. न सांगितलं तर तो दाराबाहेर तापलेलं इंजिन घेऊन उभा. सांगितलं तर कुठल्याशा दिवशी खऱ्या 'थांब'वर आत घुसलेला. रात्री झोप नाही, दिवसा हातातलं पडतं. सासूबाई म्हणाल्या, "किती काळजी करतेस. चेहरा बघ तुझा, वाळलेल्या बोंबलासारखा." मी म्हटलं, "तुम्ही कुठं करता काळजी, तुम्ही नुसता हात ओढता." मग दोघींनाही हसू आलं. पुरचुंडी फुटून मीठ सांडलं, ते मुंगीला सापडलं.

*

तो दिवस स्वच्छ होता. वारा नाही, आकाशात ढग नाही. असा दिवस मला आवडायचा. सासूबाईंना नाही. त्या सकाळीच कठड्याशी उभ्या राहून म्हणाल्या, "लांब कुठंतरी वादळ झालंय. पाणी तिकडनं चालत येतंय." मला काही दिसेना. दुपारनंतर दिसलं. काठाशी पाणी सपाट, आणि दारात येऊन एकदम उभं राहायचं, घराएवढं.

होड्या परतल्या. रेडिओमामा आत आले, त्यांच्यामागून आणखी दोघे. प्रत्येक वेळी सासूबाईंनी मनगट ओढून हात वर नेला. मी धक्क्याच्या टोकाला होते, मुंगी पाठीवर चादरीत बांधलेली, हात आत. शेवटी आमची होडी राहिली. तिच्यातून काळा धूर येत होता. खोकल्यासारखा आवाज, मग काहीच नाही, मग पुन्हा खोकला. नवरा सुकाणूवर, बरोबरचे दोघे वाकून पाइपाशी झटत होते.

घोळका आला आणि गेला. वाट उघडली. सासूबाईंचा डावा हात वर गेला आणि उजव्याचं मनगट धरायला खाली आला. त्यांनी ओढलं. हात हलला नाही. पुन्हा ओढलं. वाट मिटली. होडी मागे सरकली, सरकता सरकता उजवीकडे गेली, आणि उजवीकडे खडक.

खडकावर जायची पायवाट निसरडी आहे, शेवाळाची. मी तिच्यावरून कशी गेले ते आठवत नाही. एवढं आठवतं की मुंगी कानात म्हणत होती, "आजी. आजी." सासूबाईंनी मागे न बघताच ओळखलं.

"मागून धर. माझा हात उचल."

"दुखेल."

"तुला विचारलं का?"

मी त्यांच्या पाठीला लागून उभी राहिले. डावा हात त्यांच्या कमरेभोवती घातला, उजव्याने त्यांचं कोपर धरलं. सदऱ्याखाली हाड तापलेलं होतं. त्या समुद्राकडे बघत होत्या. मीही बघितलं, पण त्यांच्या पाठीतून मला जास्त कळत होतं. लाटा आल्या की श्वास धरायच्या. एक. आणखी एक. सगळ्यात मोठी, तिचं पाणी आमच्या गुडघ्यांवर आलं.

"अजून नाही," त्या म्हणाल्या. "अजून नाही. आणखी एक आहे मागे, लपलीय."

ती आली. गेली.

"आता."

मी उचललं. खांद्यात जुनी बिजागरी उघडावी तसा आवाज आला. त्या ओरडल्या नाहीत. त्यांचं डोकं मागे, माझ्या गळ्याशी आलं, आणि पाय माझ्या पायांवर. पण दोन्ही पांढऱ्या बाह्या वर होत्या. होडीने नाक वळवलं.

हात वर नेणं एक, आणि वर ठेवणं एक. होडी दारातून आत येईपर्यंत तो खाली आणायचा नाही. सासूबाईंचं वजन माझ्यावर, मुंगीचं पाठीवर. इंजिन खोकत होतं. मध्येच बंद पडलं. होडी आपल्या वेगाने नुसती सरकत आली. मी डोळे मिटावेत असं वाटलं आणि मिटले नाहीत. तेवढ्यात माझ्या कानापाशी काहीतरी हललं. मुंगीने चादरीतून एक हात सोडवून घेतला होता. आजीचे वर, आईचा वर, तर आपलाही.

होडी दारातून आत आली, आमच्या पायांखालून, इतक्या जवळून की मला नवऱ्याच्या मानेवरचे वळ दिसले. मी कोपर हळूहळू खाली आणलं. सासूबाई खाली बसल्या. पाण्यातच.

"पोरीचा हात आत घाल," म्हणाल्या. "वाईट सवय लागेल."

*

संध्याकाळी नवरा पायरीवर बसला होता. हात बादलीत. त्याने बोटं उघडून मिटून बघितली. मग म्हणाला, "मला चार हात दिसले. दोन पांढरे, एक निळ्या बाहीचा, आणि वर एक एवढुसा. मला वाटलं उन्हाने डोळे फिरले. चार हात म्हणजे काय समजायचं?"

"लवकर ये," मी म्हटलं.

तो हसला. मग बादलीतून हात काढून, तसेच ओले, आईजवळ गेला. ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती. त्याने तिच्या खांद्याला हात लावला नाही. पायांशी बसला आणि तळवे चेपायला लागला. त्याच्या हातांची आग होत होती हे मला माहीत होतं.

"सांगायचं नाही का मला."

"तुझ्या बायकोला विचार. तिला सगळं माहीत असतं."

"विचारलं. तूच तिला 'सांगू नकोस' म्हणालीस."

"मग तिने ऐकलं. या घरात कुणी माझं ऐकलं, पहिल्यांदाच."

रेडिओमामा आले, त्यांच्यामागून बाकीचे होडीवाले, आणि मामी चहाची किटली घेऊन. एवढी माणसं आमच्या घरात मावत नाहीत, अर्धी कठड्यावर बसली. मामांना सुरुवात करायला वेळ लागला, ही तशी बातमीच.

"आत्या, आम्ही एका हाताला पण आलो असतो. सांगायचं होतं फक्त."

"म्हणूनच सांगितलं नाही," सासूबाई म्हणाल्या.

मामांनी कप खाली ठेवला. त्यांना ते कळायला एक क्षण लागला. मग त्यांनी मान खाली घातली. "मी चेष्टा करत होतो, चहाची."

"चहा आणलास ना. झालं मग."

खडकावर आता कोण, हा प्रश्न कुणी विचारला नाही, पण सगळे त्याच्याभोवती बसले होते. मी मुंगीला झोपवत होते. सासूबाई खाटेवरून म्हणाल्या, "ही राहील."

मी म्हटलं, "आई, मला पाणी कळत नाही. मला तर भीती वाटते."

"घाबरटच माणूस पाहिजे तिथे. धीट माणूस लवकर हात वर करतं." आणि मग, जरा थांबून, "मी काय कमी घाबरट आहे?"

नंतरचे काही दिवस त्या खडकाच्या पायथ्याशी बसून राहिल्या, हात गळ्यात बांधलेला, आणि मी वर, सासऱ्यांच्या सदऱ्यात. बाह्या मला लांब होतात, पण दुमडायच्या नाहीत, तेवढंच पांढरं जास्त दिसतं. त्या खालून म्हणायच्या, अजून नाही. मग म्हणायचं सोडलं आणि नुसतं खोकायच्या. मग एक दिवस खोकल्याही नाहीत. मी मागे वळून बघितलं तर त्या मुंगीशी शिंपले खेळत होत्या, पाण्याकडे पाठ करून. मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मला हे येतंय. मग लगेच भीती वाटली, आणि तेही बरंच.

खांदा मात्र सुटेना. नणंद शहरात असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. जाताना त्यांनी सदरा खुंटीवरून काढून माझ्या हातात दिला, घडी घालून. आमच्या खुंट्याही कमरेएवढ्याच उंच आहेत. "रोज धू," म्हणाल्या. मुंगीने गुडघ्यांना मिठी मारली आणि सोडेना. सासूबाईंनी निरोपाला मान हलवली. मीही मान हलवली.

आता हंगाम जोरात आहे. जेली ओसरली, मासा लागतोय. नवऱ्याच्या हातांवरचे वळ फिके झालेत. मला खडक सोडून कुठं जाता येत नाही. नणंदेला दिवसभर काम असतं. ती फोनवर सांगते की आईला रोज दुपारी मोठ्या दवाखान्यात, व्यायामाच्या खोलीत सोडते आणि संध्याकाळी घेते. तिथली मुलगी चांगली आहे, आईला भिंतीशी उभं करते, बोटं वर चालवा म्हणते. बोटं खांद्यापर्यंत चालतात आणि थांबतात. दुखतं म्हणून नाही. त्या खोलीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. लांब, बोटभर, पण दिसतो. मी फोनवर सांगितलं, आई, इथल्या सगळ्या होड्या आत आल्यात, करा हात वर. त्या म्हणाल्या, "तुझ्या आल्यात. त्या समोरच्या कुणाच्या आहेत, तुला काय माहीत?" आणि फोन ठेवला.

तुमचं त्या शहरात जाणं झालं, तर दुपारी जरा डोकावून या. मोठा दवाखाना, मागच्या अंगाची व्यायामाची खोली, खिडकीपाशी एक बाई. केसांची वेणी दुसऱ्या कुणीतरी घातलेली दिसेल, हात मांडीवर. आत गेलात की लांबून हात हलवू नका. त्यांना आवडणार नाही. जवळ जाऊन बसा. मग उठून खिडकीबाहेर नीट बघा, खरंच नीट बघा, कारण त्या तुमच्या चेहऱ्यावरून ओळखतील. समुद्रावर कुणी उरलेलं नसेल तेव्हाच त्यांना सांगा. आणि मग तो हात कुठपर्यंत गेला, ते मला कळवा.